कपाटातील ओल आणि डांबरगोळी

पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले, की आमच्या वसईत घरोघरी ट्रंका आणि कपाटे उघडली जातात. ठेवणीतली लाल लुगडी, लग्नातले कोट, बाळाच्या स्नानसंस्काराचा पांढरा झगा दोरीवर येतो आणि त्यांच्यासोबत बाहेर पडतो तो कुबट वास. हा वास माणसाला फार पूर्वीपासून छळत आला आहे.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत वस्त्रांवर आणि भिंतींवर उठणाऱ्या हिरवट-तांबूस डागांविषयी सविस्तर नियम आहेत. तपासणी याजकाने करायची. आधी घर रिकामे करून सात दिवस बंद ठेवायचे. डाग पसरला तर दगड उपसून नगराबाहेर टाकायचे, गिलावा खरवडायचा. तरीही तो परतला, तर घरच पाडायचे! आमच्या पूर्वसूरींकडे हेही काम होते, याची आम्हांला गंमत वाटते. डाग झाकून ठेवण्याची सोय मात्र त्या नियमांत नाही.

मध्ययुगीन मठांत ग्रंथांच्या कपाटाला लॅटिनमध्ये ‘आर्मारियम’ म्हणत. त्याच शब्दाच्या पोर्तुगीज रूपावरून आपल्याकडे ‘अलमारी’ आली. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या बार्नवेल येथील ऑगस्टिनियन मठाची तेराव्या शतकाच्या अखेरची नियमावली उपलब्ध आहे. भिंतीची ओल ग्रंथांना लागू नये म्हणून कपाटाला आतून लाकूड बसवावे, ग्रंथ एकमेकांवर दाटून ठेवू नयेत, असे ती बजावते. बुरशीचे शास्त्र तेव्हा कोणालाच अवगत नव्हते. तरीही गार भिंत आणि कोंडलेली हवा हे दोन्ही शत्रू त्या मठवासीयांनी अचूक हेरले होते.

पुढे युरोपात दिव्यांसाठी कोळशापासून वायू काढू लागले आणि डांबराचे ढीग साचले. त्या डांबरातून १८२० च्या सुमारास नॅप्थलीन हाती आले. आपली ‘डांबरगोळी’ ती हीच. ती कसरीला मारते, पण ओलीचा थेंबही शोषत नाही. आजीचे वेखंड आणि कडुनिंबाचा पाला यांचेही काम किड्यांपुरतेच. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, की बुरशी रुजतेच.

हे आम्ही चुकून शिकलो. तरुणपणी एका धर्मग्रामात जुन्या नोंदवह्यांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला घट्ट टेकवून, आत डांबरगोळ्या पेरून आम्ही निश्चिंत झालो होतो. जुलैअखेर एक गृहस्थ आजोबांच्या स्नानसंस्काराचा दाखला मागण्यास आले, तेव्हा ते पान शेजारच्या पानाला चिकटलेले निघाले. आजोबांचे नाव वाचता आले. त्यांच्या आईचे गेले ते गेलेच. वहीला वास येत होता तो डांबराचा. त्याखालची बुरशी आमच्या नाकाला कळलीच नव्हती.

आता आमचे कपाट आतल्या भिंतीपासून चार बोटे दूर उभे असते, वह्या सुट्या असतात आणि कोरडी दुपार लाभली की दारे उघडी राहतात. बाळाच्या झग्याविषयी मात्र मातांना आम्ही आवर्जून सांगतो. काही बालकांच्या रक्तात एक विकर जन्मतःच कमी असते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तसेच घातल्यास त्यांच्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. म्हणून तान्ह्याच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत. जुना झगा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवून मगच बाळाला घालावा.