स्त्रीजननमार्गाची सहज प्रतिकारक्षमता व एचआयव्ही

एचआयव्ही हा विषाणू स्त्रीच्या जननमार्गात शिरताच, रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे तयार होण्यास लागणाऱ्या आठवड्यांची प्रतीक्षा न करता, तेथील श्लेष्मल कलेत आधीपासून वास करणाऱ्या कोशिका जो तात्काळ प्रतिकार करतात, त्यास या मार्गाची सहज प्रतिकारक्षमता म्हणतात. हा प्रतिकार बहुधा यशस्वी होतो व म्हणूनच प्रत्येक संपर्कातून संसर्ग होत नाही. परंतु त्याच प्रतिकारातून उद्भवणारा दाह विषाणूच्या पथ्यावर पडू शकतो, हे या विषयाचे मर्म होय.

रचना : योनी व गर्भाशयाच्या ग्रीवेचा बाह्यभाग यांच्या उपकलेत (आच्छादक थरात) चपट्या कोशिकांचे अनेक थर असतात, तर ग्रीवेच्या अंतर्भागात स्तंभाकार कोशिकांचा एकच थर असतो. ग्रीवेतील श्लेष्मा विषाणूस अडकवून ठेवतो. लॅक्टोबॅसिलस जीवाणूंच्या लॅक्टिक आम्लामुळे योनीचा पीएच ४.५ च्या खाली राहतो व तेथे विषाणू निष्प्रभ होतो. मात्र अल्कधर्मी वीर्यामुळे ही अम्लता काही काळ लोपते.

कोशिकांचे कार्य : उपकलेतील लँगरहान्स कोशिका आपल्या पृष्ठभागावरील लँगेरिन या प्रथिनाने विषाणूस पकडून आतील बर्बेक कणिकांत त्याचा नाश करतात, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले, परंतु विषाणूंची संख्या फार झाली अथवा दाह असला, तर याच कोशिका त्यास, तो ज्यांत वाढतो त्या सीडी-४ टी कोशिकांच्या हाती सोपवितात. नैसर्गिक मारक कोशिका संसर्गित कोशिकांचा नाश करतात, न्यूट्रोफिल आपल्या डीएनएच्या जाळ्यात विषाणूस गुंतवितात, आणि प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक कोशिका टीएलआर-७ या ग्राहीद्वारे त्याचे आरएनए ओळखून इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन स्रवतात. त्याबरोबर स्रवणारी केमोकाइने ही संकेत-प्रथिने मात्र विषाणूस हव्या असलेल्या सीडी-४ कोशिकांनाच त्या जागी बोलावून आणतात. मिनेसोटा विद्यापीठातील ॲशली हासे यांच्या गटाने २००९ मध्ये माकडांतील एसआयव्ही या एचआयव्हीसदृश विषाणूबाबत हेच चक्र दाखवून दिले. ग्लिसरॉल मोनोलॉरेट या द्रव्याने माकडांतील दाह शमविताच, विषाणूची मोठी मात्रा वारंवार देऊनही, तीव्र संसर्ग टळला.

महाराष्ट्रातील अनुभव : पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांचा रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील वेश्याव्यवसायात नसलेल्या, बहुतांश विवाहित व पतीनिष्ठ अशा स्त्रियांपैकी १३.६ टक्के संसर्गित आढळल्या, आणि जननेंद्रियावरील व्रण हे संसर्गाशी निगडित ठरले. व्रणाने उपकला भंगते व त्याभोवती सीडी-४ कोशिका जमतात, यात त्याची उपपत्ती आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जेथील पुरुष पिढ्यानपिढ्या चाकरीनिमित्त मुंबईस जात आले व बायका गावची घरे व शेती सांभाळीत राहिल्या, पतीनिष्ठ स्त्रीलाही पतीकडून संसर्ग होऊ शकतो या निष्कर्षाचे महत्त्व विशेष आहे.

प्रतिबंध : व्रण, स्राव इत्यादी गुप्तरोगांचा वेळीच उपचार केल्यास दाह शमतो. पुणे व चेन्नई ही केंद्रे ज्यात सामील होती, त्या एचपीटीएन ०५२ या प्रयोगात, बाधित जोडीदारास लवकर औषधे दिल्याने त्याच्यापासून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचे २०११ मध्ये दिसून आले. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य व गोपनीय असते, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीवाचून चाचणी व बाधितांशी भेदभाव यांस मनाई केली आहे. पत्नीच्या आरोग्याचा बंदोबस्त पतीची तपासणी व उपचार झाल्याखेरीज पुरा होत नाही; संसर्गाचा ठपका तिच्या शीलावर ठेवण्यास मात्र शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही.