बचाव करणारीचा खुराक

मंगळवार पेठेतून, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून, मी बोलतेय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतेय.

गेल्या महिन्यात एका ऐकणारीचा व्हॉइस मेसेज आला. फुटबॉल खेळते, स्टॉपर बॅक. घरचे म्हणतात, गोल मारणाऱ्यांना तरी कुणी विचारतं, तू मागं उभी राहून काय करणार? तिचा प्रश्न साधा होता: "ताई, डिफेन्समध्ये खेळणाऱ्या मुलीचं करिअर असतं का?"

उत्तर शोधत मी पार कॅनडाच्या बर्फावर पोहोचले. आइस हॉकी. हसू नका! आपल्या पेठेत बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर दिसतो, हे मलाही माहीत आहे. पण बचाव करणाऱ्या बाईला खेळाचा पगार मिळेपर्यंत काय काय घडावं लागतं, हे त्या बर्फावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडं दिसलं नाही.

आधी एक शब्द घेऊन ठेवूया: खुराक. कोल्हापूरकराला तो समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला तेव्हा नुसती शाबासकी दिली नाही. तालमी उभ्या केल्या, दूध, तूप, बदामाची सोय लावली आणि 1912 साली इथं, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खासबाग मैदान खुलं केलं. पैलवानानं सकाळी जोर मारायचे की दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचं, हा प्रश्न कुणीतरी सोडवल्याशिवाय पैलवान तयार होत नाही. कसब पैलवानाचं, पण त्याच्या खुराकाची जबाबदारी कुणाची? बायकांच्या आइस हॉकीत हा प्रश्न 2024 सालापर्यंत लोंबकळत होता.

खेळ थोडक्यात सांगते. बर्फावर एका संघाचे सहा जण: एक गोलरक्षक, तीन फॉरवर्ड आणि दोन डिफेंडर. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तिला पक म्हणतात. खेळाडू पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि बदली होतो, पुन्हा येतो, पुन्हा जातो. डिफेंडरला उलटं, म्हणजे पाठीमागं, स्केटिंग करत समोरून सुसाट येणाऱ्या खेळाडूला कडेला रेटावं लागतं. बायकांच्या खेळात मुद्दाम अंगावर जाऊन आदळायला अनेक वर्षं बंदी होती. 1990 च्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत परवानगी होती, नंतर ती काढली. मग डिफेंडरकडं उरलं काय? पाय, काठी आणि डोकं. समोरची कुठं वळणार हे तिच्या आधी ओळखायचं. माझ्या मते त्या बंदीमुळं बायकांच्या हॉकीतल्या डिफेंडर जास्त हुशार झाल्या. पण त्यांची हुशारी टीव्हीवर दिसत नाही. जो गोल झालाच नाही, त्याचा रीप्ले कुठून दाखवणार?

त्या 1990 च्या स्पर्धेचं नाव काढलंच आहे, तर जेराल्डिन हीनीला भेटूनच पुढं जाऊ. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेली, टोरांटोत वाढलेली. ओटावात अंतिम सामना, कॅनडाच्या मुलींना चक्क गुलाबी जर्सी दिलेल्या, कारण आयोजकांना वाटलं त्यानं लोक बघायला येतील. लोक आले, सुमारे 9 हजार. अमेरिका 2-0 नं पुढं. कॅनडानं बरोबरी केली आणि मग हीनीनं, एका डिफेंडरनं, पुढं मुसंडी मारून समोरचीला चकवत गोल केला आणि स्वतः हवेत फेकली गेली. सामना कॅनडानं 5-2 असा जिंकला, निर्णायक गोल तिचा. पुढं ती सात जागतिक स्पर्धा खेळली आणि सातही जिंकली. 2002 मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन थांबली. आज तिचं नाव हॉकी हॉल ऑफ फेममध्ये आहे. पण जिला पोट भरण्याइतका पगार देईल अशी बायकांची लीग तिच्या अख्ख्या कारकिर्दीत जगात नव्हती.

आता आजची मुख्य गोष्ट: जोसलिन लारॉक. जन्म 1988, गाव सेंट ॲन, कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, जिथं हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत जातो. ती मेटी समाजातली, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वारशांतून तयार झालेल्या समाजातली. शिक्षणासाठी अमेरिकेत मिनेसोटा-डुलुथ विद्यापीठात गेली. हे महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा मुलींच्या हॉकीला खरा खुराक एकाच ठिकाणी मिळायचा, तो म्हणजे अमेरिकन विद्यापीठात. शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, डॉक्टर, रोजचा सराव. अडचण एवढीच की पदवी हातात पडली की हे सगळं बंद. बावीस-तेवीस वर्षांची, खेळाच्या ऐन भरातली मुलगी, आणि दारावर पाटी: आता काहीतरी काम शोधा.

त्यांच्यासाठी 2007 मध्ये कॅनडात एक लीग सुरू झाली होती, सीडब्ल्यूएचएल. लारॉक आधी अल्बर्टाच्या संघात खेळली, मग टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन थंडरमध्ये. जगातल्या सर्वोत्तम खेळाडू तिथं होत्या आणि पगार शून्य. बर्फाचं भाडं, प्रवास असा खर्च लीग करायची, बाकी ज्याचं त्यानं बघायचं. कुणी शाळेत शिकवायचं, कुणी ऑफिसात, आणि रात्री सराव. आपल्याकडं तालमीच्या पोरांना हे नवीन नाही. फक्त यातल्या कित्येकींच्या घरी ऑलिम्पिक पदकं टांगलेली होती.

लारॉकच्या घरीही लागलं. 2014, सोची, अंतिम सामना, पुन्हा अमेरिका. शेवटची साडेतीन मिनिटं राहिली आणि कॅनडा 0-2 नं मागं. एक गोल फेडला. मग गोलरक्षकाला बाहेर काढून जादा खेळाडू आत घेतली. गोलपोस्ट रिकामी! अमेरिकेनं लांबून ढकललेला पक घरंगळत त्या रिकाम्या जाळीकडं निघाला आणि खांबाला लागून परत आला. माझ्यासारखीनं तेव्हा टीव्ही बंद केला असता. मिनिटभर शिल्लक नसताना मारी-फिलिप पुलाँनं बरोबरी केली, जादा वेळेत तिनंच सामना संपवला. 3-2. लोकांना पुलाँ आठवते, आठवायलाच हवी. लारॉक मात्र त्या जातीची डिफेंडर आहे जिचं नाव समालोचक कमी घेतो तेवढा तिचा दिवस चांगला गेलेला असतो.

तिचं नाव जगभर गाजलं ते चार वर्षांनी, आणि भलत्याच कारणानं. 2018, दक्षिण कोरिया, तोच सामना, या वेळी पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव. रौप्यपदक गळ्यात पडलं आणि लारॉकनं पुढच्याच क्षणी ते काढून हातात घेतलं. कॅमेऱ्यानं ते बरोबर टिपलं. एका अधिकाऱ्यानं तिला पदक परत घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर माफी मागितली. तेव्हा तिला अखिलाडू वगैरे बरंच काही म्हटलं गेलं. माझं मत वेगळं आहे. कुस्तीच्या फडात हरलेला पैलवान कसा मान खाली घालून निघून जातो, हे आपण पाहिलंय, त्याला कुणी हसायला लावत नाही. त्या मुलींना चार वर्षांत एकदा जग बघत होतं. तो एक सामना गेला की पुढची चार वर्षं पुन्हा अंधार. ते रौप्य तिला जड झालं, यात मला नवल वाटत नाही. त्यानंतर महिन्याभरातच तिच्या क्लबनं, जो तोवर मार्कहॅम थंडर झाला होता, लीगचा क्लार्कसन कप जिंकला.

याच सुमाराला पैशाचं थोडं हलायला लागलं होतं. अमेरिकेत 2015 मध्ये एनडब्ल्यूएचएल नावाची दुसरी लीग आली, तिनं किमान 10 हजार डॉलर पगार जाहीर केला आणि दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर 2016 मध्ये, पगाराला कात्री लावली. 2017 च्या मार्चमध्ये अमेरिकन महिला संघानं आपल्याच संघटनेला सांगितलं, मोबदला नीट द्या, नाहीतर घरच्या मैदानावरची जागतिक स्पर्धा आम्ही खेळत नाही. तोवर त्यांना ऑलिम्पिकच्या आधीचे सहा महिने, महिना हजार डॉलर मिळायचे, बास. बदली खेळाडू शोधण्याचा प्रयत्न झाला, पण नकार येत गेले. स्पर्धेला तीन दिवस उरले असताना करार झाला. मग त्यांनी ती स्पर्धा जिंकली, हेही सांगायला हवं. कॅनडातल्या लीगनंही 2017-18 पासून मानधन सुरू केलं: हंगामाला 2 हजार ते 10 हजार कॅनेडियन डॉलर. खालचा आकडा रुपयात साधारण एक लाख. महिन्याचा नव्हे हं, अख्ख्या हंगामाचा.

आणि 31 मार्च 2019 ला, कप होऊन एक आठवडा झाला असताना, त्या लीगनं जाहीर केलं की आम्ही बंद करतोय. पैसे पुरत नाहीत. जागतिक स्पर्धा चारच दिवसांवर होती. लारॉकचं वय तेव्हा तीस.

पुढं जे झालं तो मला या सगळ्या गोष्टीतला खरा बचाव वाटतो. 2 मे 2019 ला दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकत्र सांगितलं: पुढच्या हंगामात उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये आम्ही खेळणार नाही, जोवर धड पगार आणि विमा देणारी लीग उभी राहत नाही. जो काही मिळत होता तो तुकडाही नको. त्यांनी आपली संघटना काढली आणि गावोगाव प्रदर्शनी सामने खेळत राहिल्या. यात कोविड आला. लारॉकनं याच काळात 2021 आणि 2022 ची जागतिक सुवर्णं आणि बीजिंगचं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं, आणि तरीही तिला खेळायला क्लबची लीग नव्हती!

सगळ्या एका बाजूला होत्या असं मात्र समजू नका. काही जणी अमेरिकन लीगमध्येच राहिल्या, त्या लीगनं पुढं नाव बदललं, पगारही वाढवले. 2023 च्या उन्हाळ्यात उद्योगपती मार्क वॉल्टर आणि टेनिसची बिली जीन किंग यांच्या गटानं ती लीग विकत घेतली आणि बंद केली. तिथल्या मुलींचे झालेले करार एका रात्रीत गेले. नव्या लीगचं कौतुक करताना हे वगळलं जातं, ते मला पटत नाही.

नवी लीग म्हणजे पीडब्ल्यूएचएल. तिच्यातली एक गोष्ट प्रत्येक खेळाडू मुलीनं पाठ करावी. बर्फावर पहिला पक पडायच्या आधी, संघ ठरायच्याही आधी, खेळाडूंच्या युनियनचा मालकांशी करार झाला, 2031 पर्यंतचा. किमान पगार 35 हजार अमेरिकन डॉलर, प्रत्येक संघात किमान सहा जणींना 80 हजार किंवा जास्त. आधी खुराकाचं ठरलं, मग कुस्ती लागली.

सप्टेंबर 2023 मध्ये खेळाडूंची निवड झाली. सहा संघ. पहिली निवड एका तरुण फॉरवर्डची. दुसरी? टोरांटोनं नाव घेतलं जोसलिन लारॉकचं. वय 35, डिफेंडर, गोल मोजकेच. चौथी निवडही डिफेंडरच होती, न्यूयॉर्कची एला शेल्टन, लारॉकहून जवळजवळ दहा वर्षांनी लहान. ज्यांना संघ बांधायचा असतो ते मागून बांधत येतात, हे शाहू स्टेडियमवर गेलेल्या कुणालाही सांगायला नको. आपल्याकडं टाळ्या मात्र स्ट्रायकरला.

1 जानेवारी 2024, टोरांटो. लीगचा पहिला सामना, टोरांटो विरुद्ध न्यूयॉर्क. संघांना अजून टोपणनावंही नव्हती, जर्सीवर नुसतं शहराचं नाव. आणि या लीगच्या इतिहासातला पहिला गोल केला एला शेल्टननं. डिफेंडरनं! टोरांटो घरच्या प्रेक्षकांसमोर 0-4 हरलं, म्हणजे लारॉकचा पगारी लीगमधला पहिला दिवस असा गेला. त्याच वर्षी 20 एप्रिलला मॉन्ट्रियलमध्ये टोरांटोचा सामना बघायला 21,105 लोक आले, बायकांच्या हॉकीत तोवर कधीच एवढी गर्दी झाली नव्हती.

पुढचं तर खास कोल्हापुरी इरेचं आहे. टोरांटो साखळीत अव्वल आलं. या लीगचा नियम असा की अव्वल संघानं उपांत्य फेरीतला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा. टोरांटोनं निवडलं मिनेसोटाला. पहिले दोन सामने जिंकले, पुढचे तिन्ही हरले. मिनेसोटा पुढं जाऊन चषक घेऊन गेलं. डिसेंबर 2024 मध्ये टोरांटोनं लारॉकला अदलाबदलीत ओटावाला दिलं. पगारी खेळाचं हेही एक रूप, सामान उचला आणि निघा. ओटावा 2025 च्या अंतिम फेरीत पोहोचलं. समोर कोण? मिनेसोटा. चारही सामने जादा वेळेत गेले, चारही 2-1 सुटले, त्यातले तीन मिनेसोटानं घेतले.

आपल्या देशाचं सांगायचं तर, बर्फावरच्या आपल्या मुली बहुतेक लडाखच्या. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. 2016 ला भारतीय महिला संघ पहिल्यांदा परदेशात स्पर्धा खेळला, 2025 ला अल ऐनमध्ये आशिया चषकाचं कांस्यपदक घेऊन आला. त्यांच्या खुराकाचा प्रश्न अजून हीनीच्या काळात आहे. गवतावरच्या, म्हणजे आता टर्फवरच्या, हॉकीत थोडं बरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत महिला हॉकी इंडिया लीगचा पहिला लिलाव झाला. संघ चारच. सगळ्यात जास्त बोली लागली 32 लाखांची, हरियाणाच्या उदिता दुहानवर.

उदिता डिफेंडर आहे. स्टॉपर बॅकवाल्या ताई, हा आकडा घरच्यांना दाखवा. पुढच्या आठवड्यात भेटू.