कात्युशा (गीत)

कात्युशा हे १९३८ साली सोव्हिएत संघात रचलेले रशियन गीत होय. त्याचे शब्द कवी मिखाईल इसाकोव्स्की यांचे व चाल संगीतकार मातवेय ब्लांतर यांची आहे. कर्ते ज्ञात असूनही हे गीत अनेक ठिकाणी लोकगीत समजूनच गायले जाते.

कात्युशा हे येकातेरिना या नावाचे लाडके रूप. दूरच्या सरहद्दीवर पहारा देणाऱ्या प्रियकरासाठी नदीकाठी गाणारी तरुणी हा गीताचा विषय आहे. इसाकोव्स्की यांनी प्रथम आठच ओळी लिहून रचना बाजूला ठेवली होती; ब्लांतर यांच्या आग्रहामुळे ती पूर्ण झाली. २७ नोव्हेंबर १९३८ रोजी मॉस्को येथे वालेन्तिना बातिश्चेवा यांनी जाझ वाद्यवृंदासह ते प्रथम गायले. म्हणजे त्याचा जन्म खेड्यात नव्हे, तर राजधानीच्या रंगमंचावर झाला.

लोकपरंपरेत प्रवेश

आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली केलेल्या व्याख्येनुसार, एखाद्या ज्ञात रचनाकाराची कृतीही लोकसंगीत ठरू शकते; मात्र ती समाजाच्या मौखिक परंपरेत मुरलेली असावी लागते. जशीच्या तशी उचललेली लोकप्रिय रचना या व्याख्येत बसत नाही. केवळ लोकप्रियता पुरेशी नसून समाजाने गीत बदलणे महत्त्वाचे ठरते, आणि कात्युशाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

१९४१ साली जर्मनीने आक्रमण केल्यानंतर सैनिकांनी याच चालीवर स्वतःचे शब्द बसवले. या पाठभेदांत कात्युशा कधी जखमींची शुश्रूषा करणारी परिचारिका होते, कधी गनिमी लढवय्यी, तर कधी स्वतःच बंदूक उचलते. साहित्याभ्यासक इव्हान रोझानोव्ह यांनी असे अनेक पाठ संकलित केले. बीएम-१३ या अग्निबाण प्रक्षेपकालाही सैनिकांनी कात्युशा हेच नाव दिले. त्याचे मूळ बहुधा या गीतात असावे. यंत्रावरील ‘का’ या कारखान्याच्या चिन्हावरून ते पडले, असेही एक मत आहे. पुढे या शस्त्रावरच नवी कडवी रचली गेली.

रशियाबाहेर

इटलीतील लिगुरिया प्रदेशात फॅसिस्टविरोधी लढ्यात उतरलेले तरुण डॉक्टर फेलिचे काशोने यांनी १९४३ साली याच चालीवर ‘फिस्किया इल व्हेन्तो’ हे इटालियन गीत लिहिले. ही चाल रशियन आघाडीवरून परतलेल्या एका सैनिकामुळे तेथे पोहोचली होती. जानेवारी १९४४ मध्ये काशोने मारले गेले, परंतु गीत डोंगरांतील तुकड्यांमधून तोंडोतोंडी पसरले. आज ‘बेल्ला चाओ’ अधिक प्रसिद्ध असले, तरी प्रत्यक्ष लढ्याच्या काळात काशोने यांचेच गीत अधिक गायले जात होते, असे अनेक इतिहासकार मानतात. ग्रीसमधील प्रतिकार चळवळीनेही आपल्या गीतासाठी हीच चाल घेतली.

रशियात मूळ पाठ टिकून आहे आणि कर्त्यांची नावेही विसरली गेलेली नाहीत. इसाकोव्स्की यांच्या जन्मगावाच्या परिसरात, स्मोलेन्स्क प्रांतातील व्स्खोदी येथे, या एका गीताला वाहिलेले संग्रहालय आहे.