दुष्काळ, ताप आणि ऊ

उवेचा विषय निघाला की लोक तोंडाला पदर लावतात. इतिहासात तिला कोणी जागा दिलेली नाही. तथापि आपल्या मुलखात तिने मांडलेला उच्छाद लहान नव्हता.

1876 साली पावसाने पाठ फिरवली. माणदेश आधीच कोरडा. तेथील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव हे त्याच काळातले काम. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी घटवून दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर काम टाकून चालते झाले. मी तरी त्यास संपच म्हणतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

पुष्कळ दुष्काळग्रस्त मुंबईच्या वाटेला लागले आणि त्याच साली तेथे उलटणाऱ्या तापाची साथ उठली. पाच-सहा दिवस ताप चढे, मग घाम फुटून उतरे, माणूस उठून बसे आणि आठवड्याने पुन्हा अंथरूण धरी. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू पाहिले. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. पण ताप एकाचा दुसऱ्यास जातो कसा, हे कोडे राहिले. ते 1907 साली नाशिककडे सुटले. एका मिशनच्या वसतीत मुलगे फार आजारी पडले, मुली कमी. डॉ. मॅकी यांनी पाहिले, तो मुलग्यांच्या कपड्यांत उवा अधिक!

ही कपड्याच्या शिवणीत राहणारी ऊ. माणूस तापला की ती त्याला सोडून शेजारच्या थंड अंगावर जाते. खाजवताना ती नखाखाली चिरडली की तिच्यातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. आता विचार करा: अंगावर एकच वस्त्र, ते धुवावयास पाणी नाही, आणि थंडीत सारे एकमेकांना बिलगून निजलेले. गरीब लोक घाणेरडे म्हणून साथ आली, असे तेव्हाचे साहेब म्हणत. आजही कोणी कोणी म्हणतात. मला तो हिशेब कधीच पटला नाही. पौंडभर धान्यात साबण कोठून येणार?

डोक्यातली ऊ निराळी. एरवी ती असा ताप पसरवीत नाही. ती उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. म्हणून एका वाकळेखाली निजणाऱ्या बहिणींत ती आधी सापडते. डोक्यावरून खाली पडली तर दोन दिवसांत मरते. लिखा मात्र केसाला चिकटून राहतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात; एकदा विंचरून भागत नाही ते याचमुळे. केस ओले करून वा तेल लावून दाट दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे, आणि घरातल्या सर्वांचे एकाच दिवसापासून. रॉकेल लावू नये. कातडी भाजते, आणि चुलीजवळ बसलेल्या पोरीचे काय होईल ते सांगावयास नको. उशीचे अभ्रे, टॉवेल कढत पाण्यात बुडवावेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्यांवर कढत पाणी, जळण आणि दुसरे पांघरूण यांची सोय कारखान्यांकडून लिहून घ्यावी, ही मागणी मी सभांतून मांडतो. पहिल्यांदा मांडली तेव्हा पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत.