प्रायश्चित्त कोणी घ्यायचे?

तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेहून जळगावकडे येताना नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा मागे पडले की नरडाणा लागते. बाहेरच्या माणसाला त्याची ओळख स्टेशन, आग्रा रोड आणि औद्योगिक वसाहत एवढीच. आम्हांला हे गाव आठवते ते अहिराणीमुळे. या पट्ट्यातली मुले वर्गात प्रमाण मराठी लिहितात आणि वऱ्हांड्यात येताच अहिराणीत शिरतात. भाषाविज्ञानाच्या तासाला त्यांच्यापुढे ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड ठेवावा लागतो. १९०७ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या भागात ‘खानदेशी’ आहे, आणि तीही मराठीच्या खंडात नाही, तर भिल्ली बोलींच्या शेजारी. (हा राग आमच्या मुलांच्या मनातून अजून गेलेला नाही.) बोलीचा नमुना म्हणून ग्रिअर्सनने देशभर एकच कथा वापरली: लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची. कारण व्याकरणाचे होते. तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामांच्या बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ त्या एका कथेत सापडतात.

एकदा हा नमुना वाचून झाल्यावर विभक्तींबद्दल कोणीच विचारले नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, तो वेगळाच होता: ‘‘सर, बापनी त्याले काहीच दंड कया नही का?’’

आम्ही तेव्हा हसून पुढे गेलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकात मराठी भाषेच्या अंगणात जो मोठा धर्मवाद झाला, त्याच्या मुळाशी नेमका हाच प्रश्न होता. पोराने पाप केले, तर त्याची भरपाई कोणी करायची?

इव्हँजेलिकल म्हणवणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेचे उत्तर ठाम आहे. १८४६ साली लंडनमध्ये इव्हँजेलिकल अलायन्स स्थापन झाली, तेव्हा तिने आपला विश्वास नऊ कलमांत मांडला. सगळी कलमे येथे देण्याचे कारण नाही. त्यांचा कणा असा: पवित्र शास्त्र हे ईश्वरप्रेरित आणि पुरेसे प्रमाण, मनुष्य पतनामुळे मुळातच भ्रष्ट, देवाच्या पुत्राने देह धारण करून क्रुसावर माणसांच्या पापांचे प्रायश्चित्त केले, पापी माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि त्याचे अंतःकरण पालटते ते पवित्र आत्म्याच्या कार्याने. आपल्या काळात डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने (१९८९) या परंपरेच्या चार खुणा सांगितल्या: शास्त्रनिष्ठा, क्रूसनिष्ठा, हृदयपरिवर्तनाचा आग्रह आणि कार्यतत्परता. नगरचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होते. म्हणजे लंडनला ही कलमे ठरण्याआधीच त्यांच्यासाठी मराठी शब्द शोधणे सुरू झालेले होते.

शब्द कोठून आणायचे? फादर स्टीफन्सने १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ बेधडक वापरला होता. एकोणिसाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांना ती मोकळीक परवडणारी नव्हती; शास्त्र हेच एकमेव प्रमाण मानले की शास्त्रातला प्रत्येक शब्द साक्षीदार होतो. तरी शब्द घ्यावे लागले ते आपल्याच घरातून. ‘खंडणी’च पाहा. येशू अनेकांसाठी आपला जीव देतो तो मराठी बायबलात ‘खंडणी म्हणून’. हा शब्द पेशवाईच्या दफ्तरातला. मुलूख जाळू नये म्हणून चालून आलेल्या फौजेला जे द्यायचे ते खंडणी. आज तो गुन्हे शाखेच्या बातम्यांत आहे. मग ही खंडणी दिली कोणाला? सैतानाला की देवाला? युरोपातले धर्मपंडित या प्रश्नावर शतकानुशतके भांडले; मराठी वाचकाला तो शब्द वाचताक्षणीच पडतो.

‘नीतिमान ठरणे’ हे त्याहून सूक्ष्म आहे. मूळ ग्रीक क्रियापदाला न्यायालयाचा वास आहे: आरोपीला निर्दोष जाहीर करणे. रोमन कॅथलिक परंपरा म्हणे, देव माणसाला नीतिमान करतो. ल्यूथर म्हणे, देव त्याला नीतिमान ठरवतो, तो अजून पापी असतानाच. धर्मसुधारणेचे सारे भांडण मराठीत ‘करणे’ आणि ‘ठरवणे’ या दोन क्रियापदांत मावते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण हातचे जाऊ देऊ नये.

पण खरा पेच ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचा. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेतो तो दोषी माणूस. उपोषण त्याचे, पंचगव्य त्याच्या तोंडी, दक्षिणा त्याच्या गाठीची. आणि ते पुरे झाले की नाही हे ठरवते ब्रह्मसभा. मिशनऱ्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचा कर्ताच बदलला. प्रायश्चित्त घेणारा निर्दोष, आणि सुटणारा दोषी. मराठी कानाला हे वाक्य व्याकरणशुद्ध वाटले तरी अर्थाने उलटेच वाटले असणार.

हे केवळ कोशातले भांडण नव्हते. १८४३ साली नारायण शेषाद्रीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता; न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मुलगा घरी आला, पण जातीत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची खटपट केली, आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. उधळा पुत्र बापाच्या दारात उभा होता. बाप कवटाळायला तयार होता. गाव तयार नव्हते.

पुढे ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. (ते मिशन इव्हँजेलिकल नव्हे, अँग्लिकन उच्च परंपरेतले, पण ब्रह्मवृंदाला तो भेद कशाला हवा?) गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. पतीच्या या निर्णयाने आपल्याला झालेला क्लेश रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’त नोंदवला आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग ‘सुधारकांची तडजोड’ या शीर्षकाखाली पाठ असतो. त्याच वर्षांत, त्याच भाषेत, त्याच शब्दाला दुसरा एक अर्थ देणारे लोक शेजारी उभे होते, हे त्यांना आम्हीच सांगितलेले नसते.

आमची तक्रार आहे ती येथे, आणि ती स्वतःविरुद्ध आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आम्ही मराठीतील पहिली कादंबरी म्हणून शिकवतो, विधवांच्या दुःखाचे दस्तऐवज म्हणून शिकवतो. यमुनेच्या धर्मांतरावर मात्र ‘प्रचारकी शेवट’ असा शेरा मारून पान उलटतो. पदमनजींच्या लेखी ती कादंबरीची शेपटी नव्हती. तिच्यासाठीच कादंबरी होती. मान्य करू नका, पण वाचा तरी! संतकाव्य शिकवताना आम्ही अद्वैत समजावून देतो, महानुभाव शिकवताना जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर फळ्यावर मांडतो. मग ‘अरुणोदय’ (१८८८) शिकवताना पतन, प्रायश्चित्त आणि नवा जन्म फळ्यावर का येत नाहीत?

‘नवा जन्म’ हाही जपून घडवलेला शब्द आहे. ‘पुनर्जन्म’ म्हटले असते तर ज्या फेऱ्यातून सुटायचे तोच फेरा बक्षीस म्हणून हाती आला असता. या सिद्धान्ताचे मराठी माणसाने दिलेले सर्वांत स्पष्ट स्पष्टीकरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो लाभला सुमारे आठ वर्षांनी. संस्कार वेगळा, हृदयपालट वेगळा. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीनशी त्रैक्यादी विषयांवर पत्रांतून कडाडून वाद घालणारी ही विदुषी अखेर विद्वत्तेपेक्षा विश्वासावर विसावली, आणि तरी विद्वत्ता सोडली नाही: हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावच्या बायकांना समजेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल त्यांनी एकटीने उतरवले. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ मुक्तिसदनातल्याच छापखान्यातून १९२४ मध्ये पुरा निघाला.

खानदेशात हे सिद्धान्त आले ते बहुतांशी पुण्या-मुंबईच्या वादांना वळसा घालून. सिम्प्सनच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने वऱ्हाड-खानदेश धरला; तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा हे त्यांचे चतुर्विध शुभवर्तमान. फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने १८९० मध्ये शिकागोत उभारलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन पश्चिमेच्या भिल्ल मुलखात शिरले. तेथे शास्त्री-पंडित वाद घालायला नव्हते. भगताला कोंबडे देऊन बाधा उतरवणाऱ्या माणसाला ‘दुसऱ्याने आपल्यासाठी रक्त सांडले’ हे वाक्य पुण्याच्या पदवीधरापेक्षा कितीतरी लवकर कळले असेल, असे आम्हांस वाटते.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. त्या कथेत दंड नाही हे खरे; क्रूसही नाही, मध्यस्थही नाही. बाप धावत जातो आणि गळ्यात पडतो, संपले. हार्नाकसारख्या उदारमतवाद्यांनी बोट ठेवले ते अशाच ठिकाणी. १८६७ च्या प्रार्थना समाजाने ईश्वराचे पितृत्व आणि पश्चात्ताप ठेवून अवतार नि ग्रंथप्रामाण्य वगळले, तेही याच वाटेने. इव्हँजेलिकल उत्तर असे की कथा सांगणारा स्वतःच क्रुसाकडे चाललेला आहे, आणि लूकचे पुस्तक पंधराव्या अध्यायावर संपत नाही. क्षमा फुकट मिळाली म्हणून ती कोणालाच महागात पडली नाही असे होत नाही. आम्हांला हे उत्तर तर्काने पुरते पटत नाही, पण साहित्याचे वाचक म्हणून ते टाळताही येत नाही. एखादी ओवी संदर्भातून काढून शिकवली तर आम्ही विद्यार्थ्याचे गुण कापतोच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला गुरुमाउली केले तेव्हा हा ताण कवितेत थोडा सैलावला, सुटला नाही. (धरणगावचे ठोंबरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाने ज्यांना ‘बालकवी’ केले, पुढे त्याच टिळकांच्या घरात राहिले, बाप्तिस्मा न घेता.)

पुढच्या तासाला आम्ही नमुना पुन्हा काढला आणि थोरल्या भावापर्यंत वाचला. त्याने एकही आज्ञा मोडलेली नाही, आणि तो अंगणात रुसून उभा आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. मागच्या बाकावरून पुन्हा विचारणा झाली: तो घरात गेला का? लूकने ते लिहिलेले नाही.