कारखाना आपल्याकडं, मग नोकरी कुणाला?

आजची गोष्ट सास्तूरपासून सुरू करू. धाराशिव जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारीसोबत सास्तूरही जमीनदोस्त झालं. पुढे नवी घरं उभी राहिली. पण पोटापाण्याचं काय? शेती बरीचशी पावसावर, आणि पावसाचा भरवसा नाही. म्हणून आजही या भागातली कितीतरी पोरं पुण्याची गाडी धरतात.

त्यामुळं ३१ मार्च २०१८ ला शेजारच्या लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं, तेव्हा आशा वाटणं साहजिकच होतं. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुढे वंदे भारत स्लीपर गाड्यांसाठी भारत-रशिया भागीदारीतली कंपनी इथं आली. पण प्रश्न उरतोच: कारखाना आपल्याकडं, मग नोकरी कुणाला?

हा प्रश्न नवा नाही. चला, १९१० मध्ये जाऊ.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांचा कारखाना होता. शहराची वाढ करायची म्हणून नगरपालिकेनं ती जागा मागितली. आता जायचं कुठं? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. जमीन कसली, माळरानच ते! निवडुंग आणि साप. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

आता खरी गंमत ऐका. त्या माळावर शिकलेले इंजिनिअर कुठून आणणार? लक्ष्मणरावांनी कागद बघितला नाही, माणूस बघितला. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर तर रखवालीच सोपवली. माणसं कामातून शिकत गेली आणि कामाबरोबर वस्तीही वाढली.

म्हणजे बघा, नुसती चिमणी उभी राहिली म्हणून गावाला रोजगार मिळत नाही. कुणीतरी हाताला काम शिकवावं लागतं. १९१० मध्ये ते मालकाच्या मनावर होतं. आज त्याला कायद्याची जोड आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, आणि त्याखालच्या नियमांप्रमाणं ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. अप्रेंटिसशिप म्हणजे पक्की नोकरी नव्हे, पण कारखान्याच्या फाटकातून आत जायची वाट नक्की आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "आपल्या भागात कारखाना येतोय," तर टाळ्या जरूर वाजवा. पण लगेच विचारा, "शिकाऊ किती घेणार? कोणत्या ट्रेडचे?" आणि तो ट्रेड आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये आहे का, तेही बघून ठेवा.