हैदराबाद, परळ आणि आमखास मैदान

मोठ्या आजाराला मोठं गाव, हे मराठवाड्यातलं जुनं गणित. फक्त गाव बदलत गेलं. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, त्यामुळे मोठा दवाखाना म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. त्याचं हॉस्पिटल म्हणजे आपली घाटी. तरी कॅन्सर म्हटलं की लोक परळच गाठायचे.

परळचं टाटा मेमोरियल 1941 चं, 1962 पासून अणुऊर्जा खात्याकडे. एकाच ठिकाणी हजारो पेशंट आले की डॉक्टरांचा हात बसतो, दुर्मिळ केसही ओळखीची होते. केंद्रीकरणाचा हा फायदा खराच. आमच्या भाषेत, सर्व्हर एकदम दणकट. पण तिथवर पोचायचं कसं? रेडिएशन एका दिवसात उरकत नाही हो. आठवड्याचे पाच दिवस, असे बरेचदा पाच-सहा आठवडे. एकेक सिटिंग काही मिनिटांचं! तेवढ्यासाठी परभणीचा शेतकरी दीड महिना मुंबईत राहणार कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर हॉस्पिटलबाहेरचा फुटपाथ. सोबतीला घरचं एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. ट्रीटमेंट अर्ध्यावर सोडून परतणारे बरेचसे यापायीच परततात.

मग स्पर्धा? 1989-90 च्या सुमारास शहरात हेडगेवार, कमलनयन बजाज अशी हॉस्पिटलं उभी राहिली, पुढे आणखी आली. हार्ट, किडनीसाठी पुण्या-मुंबईच्या वाऱ्या कमी झाल्या, हे मान्यच करायला हवं. पण मोबाइल घेताना चार दुकानं फिरतो तसं छातीत कळ आल्यावर फिरता येतं का? ओळखीचा डॉक्टर चिठ्ठी देईल तिथं जायचं. त्या चिठ्ठीमागे कधीकधी काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कट प्रॅक्टिसविरुद्ध 2017 साली सरकारने कायद्याचा मसुदाही करवून घेतला होता. असो.

2012 मध्ये आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं, टाटा मेमोरियलच्या मार्गदर्शनाखाली. मला यातली गंमत ही वाटते की ज्ञान परळचं, खाट मात्र इथली. राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले) 2013 च्या नोव्हेंबरात राज्यभर लागू झाली. योजनेतल्या उपचारांचे दर सरकारने ठरवले, खाजगी हॉस्पिटलांसाठीसुद्धा.

रांग इथंही लागतेच. पण जालन्याचा पेशंट सिटिंग आटोपून संध्याकाळच्या एसटीने घरी जेवायला पोचू शकतो.